यूएसबी-आरएस४८५ ॲडॉप्टर सारखा बंद पडतोय? आधी दोष कुठल्या बाजूला आहे ते बघा

तक्रार जवळपास ठरलेलीच असते. सकाळी सगळ्या सेन्सरचं रीडिंग येत होतं, दुपारी स्क्रीनवर नुसत्या आडव्या रेघा. ॲडॉप्टर उपसून परत लावला, चालू झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग नवा ॲडॉप्टर येतो, काही दिवस शहाण्यासारखा चालतो आणि पुढे तोही त्याच वळणावर जातो. द्राक्षांचं कोल्ड स्टोअरेज असो, पॉलिहाऊस असो की कारखान्यातलं एनर्जी मीटरचं पॅनेल, जिथे मॉडबसवरचे (मॉडबस म्हणजे विचारणा आणि उत्तराची ठरलेली भाषा) सेन्सर, त्यांची ए आणि बी अशा दोन तारांची आरएस४८५ लाइन आणि तिला कॉम्प्युटरच्या यूएसबीशी जोडणारा बोटभर ॲडॉप्टर आहे तिथे हे ऐकायला मिळतं.

उपसून लावल्यावर चालू झालं म्हणजे ॲडॉप्टरच खराब, असं लगेच धरून चालू नका. उपसून लावताना बऱ्याच गोष्टी एका दमात होतात. चिपचा ५ व्होल्टचा पुरवठा तुटून परत येतो. विंडोज त्या उपकरणाला नव्याने ओळखतं. सॉफ्टवेअरला पोर्ट बंद करून पुन्हा उघडावा लागतो. यातलं नेमकं काय कामाला आलं ते कळत नाही तोवर नवा ॲडॉप्टर आणणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. माझं मत स्पष्ट आहे: एकामागून एक ॲडॉप्टर जात असतील तर दोष बहुतेक वेळा सेन्सरच्या लाइनमध्ये असतो आणि किंमत ॲडॉप्टर मोजतो.

बंद पडलं की आधी हात मागे घ्या

पुढच्या वेळी रीडिंग थांबलं की ॲडॉप्टर तसाच राहू द्या आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. तुमचा कॉम पोर्ट (विंडोजने ॲडॉप्टरला दिलेलं नाव, कॉम ३ सारखं) यादीत दिसतोय का? दिसत नसेल किंवा त्यावर पिवळं उद्गारचिन्ह असेल, तर दोष यूएसबीच्या बाजूला आहे: केबल, सॉकेट, पुरवठा नाहीतर ड्रायव्हर. पोर्ट जागेवर असेल तर ॲडॉप्टरला हात न लावता फक्त सॉफ्टवेअर बंद करून चालू करा. तेवढ्याने भागलं, तर बहुधा पोर्ट मधेच क्षणभर गायब होऊन परत आला होता आणि सॉफ्टवेअर जुन्याच पोर्टला धरून बसलं होतं. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येते त्या झटक्यात हे हमखास होतं. तरीही रीडिंग नाहीच, तर सेन्सरच्या बाजूला चला.

ॲडॉप्टरवर पाठवण्याचा आणि घेण्याचा असे दोन एलईडी असतील तर तेही बघून ठेवा. पाठवण्याचा लुकलुकतो आणि घेण्याचा थंड, याचा अर्थ विचारणा जातेय पण उत्तर येत नाही. दोन्ही लुकलुकतात आणि सॉफ्टवेअर तरीही 'टाइमआउट' (वेळेत उत्तर नाही) किंवा 'सीआरसी एरर' (निरोपाच्या शेवटचा तपासणीचा आकडा जुळत नाही) म्हणतंय, तर उत्तर येतंय पण मोडकं येतंय. दोन्ही गप्प असतील तर बहुधा सॉफ्टवेअर भलत्याच पोर्टशी बोलतंय.

लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायवर हेच काम 'डीमेसेज' ही आज्ञा करते. तिथे 'डिसेबल्ड बाय हब', पुढे कंसात 'ईएमआय' (म्हणजे विद्युत गोंगाट) आणि प्रश्नचिन्ह, अशी ओळ सापडली तर ती नीट वाचा. आवारात मोटर, कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) सुरू होताना यूएसबीच्या तारेत गोंगाट शिरला असावा, अशी शंका खुद्द कर्नल (लिनक्सचा गाभा) घेतोय. ओळीवरची वेळ कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या वेळेशी जुळवून पाहा, पुढचं आपोआप कळेल.

यूएसबीची बाजू

ही बाजू लवकर उरकते. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. रात्री कोणी कॉम्प्युटरला हात लावत नाही तेव्हाच बंद पडणारी तक्रार बरेचदा इथेच मिटते.

यूएसबी २.० ची तार ५ मीटरपर्यंतच धरलेली आहे. पॅनेलपासून ऑफिसपर्यंत यूएसबीची एक्स्टेन्शन जोडत जाणं हा उलटा कारभार झाला. लांब पल्ल्यासाठी आरएस४८५ आहे. तिला लांब जाऊ द्या आणि यूएसबी आखूड ठेवा. ॲडॉप्टर शक्यतो कॉम्प्युटरच्या मागच्या सॉकेटला लावा, पुढच्या पॅनेलला किंवा स्वस्त हबला नको.

कॉम पोर्टचा नंबर बदलणं हीदेखील एक जुनी डोकेदुखी. सीएच३४० या यूएसबी चिपच्या ॲडॉप्टरमध्ये सहसा स्वतःचा सिरीयल नंबर नसतो, त्यामुळे सॉकेट बदललं की विंडोज त्याला नवाच पाहुणा समजून नवा नंबर देतं. साफसफाईत कोणीतरी ॲडॉप्टर शेजारच्या सॉकेटात घातला की कॉम ३ चा कॉम ७ होतो आणि सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ ची वाट बघत बसतं. सॉकेटवर मार्करने खूण करा, नाहीतर ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर हाताने ठरवून द्या.

चिपच्या अस्सलपणाचाही विचार करावा लागतो. यूएसबी चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीच्या २०१४ मधल्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला होता आणि जगभर ॲडॉप्टर एका अपडेटने गप्प झाले. बराच आरडाओरडा झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पीएल२३०३ या आणखी एका यूएसबी चिपच्या जुन्या एचएक्सए प्रकाराचं वेगळंच: नव्या ड्रायव्हरवर ती चालतच नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावाच्या जागीच ती २०१२ पासून बंद झाल्याचा संदेश येतो. अपडेटनंतर अचानक 'कोड १०' (उपकरण सुरू होत नाही) दिसायला लागला तर केबल बदलत बसण्याआधी चिप कुठली आहे ते बघा. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चा पोर्ट लावल्या लावल्या नाहीसा होत असेल तर 'बीआरएलटीटीवाय' हे ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज तो पळवतंय. ब्रेल डिस्प्ले वापरात नसेल तर ते काढून टाका.

लाइन मोकळी असताना किती व्होल्ट?

आता खरी बाजू. मल्टिमीटर घ्या, सगळं चालू ठेवा, फक्त सॉफ्टवेअरची विचारणा थांबवा. ए आणि बी यांच्यामध्ये डीसी व्होल्टेज मोजा.

आरएस४८५ मध्ये रिसिव्हर (लाइन ऐकणारा भाग) ए आणि बी या दोन तारांमधला फरक बघतो. फरक अधिक २०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर एक, उणे २०० च्या खाली असेल तर शून्य. मधल्या पट्ट्यात काय वाचायचं याची हमी मानक देत नाही. कोणीच बोलत नसतं तेव्हा लाइन 'एक' वर उभी राहायला हवी, म्हणजे मीटरवर किमान ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. बऱ्याच लाइनींवर मीटर ०.०१ किंवा ०.०३ दाखवतो. अशी लाइन टेबलावर एका सेन्सरला चालते आणि शेडमध्ये नेली की रुसते.

कारण बहुतेकदा १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर, म्हणजे तारेच्या टोकाला सिग्नलचा प्रतिध्वनी विरवणारा. स्वस्त ॲडॉप्टरवर तो सोल्डर करूनच येतो. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहम असावेत हे पुस्तकातलं खरं, पण मग लाइनला धरून ठेवणारे बायस रेझिस्टरही तितकेच दमदार लागतात. ॲडॉप्टरमध्ये ते सहसा १० किलोओहमच्या आसपास असतात. हिशोब करा: ५ व्होल्ट, दोन्ही बाजूंना १० किलोओहम, मध्ये दोन टर्मिनेशन मिळून ६० ओहम. लाइनवर उरतात जेमतेम १५ मिलिव्होल्ट. त्याऐवजी ५६० ओहमचे दोन रेझिस्टर घेतले, एक ए पासून ५ व्होल्टला आणि एक बी पासून ग्राउंडला, तर तेच ०.२५ व्होल्ट होतात आणि लाइन ठाम उभी राहते. ही जोडी अख्ख्या लाइनवर एकाच जागी लावायची, प्रत्येक सेन्सरवर नाही.

त्याहून सोपा उपाय म्हणजे टर्मिनेशन काढूनच टाकणं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. १०० मीटर तारेत सिग्नलला जाऊन परत यायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो, म्हणजे प्रतिध्वनी बिटच्या सुरुवातीलाच विरून जातो. इतक्या आखूड आणि हळू लाइनवर १२० ओहमचा उपयोग कमी आणि उपद्रव जास्त. हे ऐकून काही मंडळी नाक मुरडतील, पण ॲडॉप्टरवरचा रेझिस्टर काढल्यावर गपचूप चालू झालेल्या लाइनी कमी नाहीत. वेग १,१५,२०० वर न्यायचा असेल किंवा तार अर्धा किलोमीटर जात असेल, तर मात्र टर्मिनेशन आणि बायस दोन्ही नीट बसवा.

सगळं बंद करून ए-बी मध्ये रेझिस्टन्सही मोजून ठेवा. ६० ओहमच्या आसपास आलं तर दोन टर्मिनेशन, ४० आलं तर तिसरं कुठेतरी लपलेलं आहे, बहुधा ॲडॉप्टरच्या पोटात.

मोकळ्या लाइनचा ढिलेपणा डेटात कसा दिसतो तेही सांगतो. सेन्सर क्रमांक १ कडून दोन रजिस्टर (आकडे ठेवायचे कप्पे) मागवायची मॉडबस आरटीयू फ्रेम, म्हणजे एक अख्खा निरोप, अशी असते: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. उत्तर यायला हवं नऊ बाइटचं: ०१ ०३ ०४, मग चार बाइट डेटा, मग दोन बाइट सीआरसी. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये कच्चे बाइट बघितले तर कधी कधी येतात दहा: ०० ०१ ०३ ०४ आणि पुढचं सगळं बरोबर. सुरुवातीचा तो ०० कोणीच पाठवलेला नसतो. ॲडॉप्टरने लाइन सोडली, सेन्सरने अजून धरली नाही, मधल्या क्षणात लाइन शून्याकडे कलंडली आणि रिसिव्हरला तो स्टार्ट बिट (बाइट सुरू झाल्याची खूण) वाटला. सॉफ्टवेअर पहिल्या बाइटपासून सीआरसी मोजतं, चुकतं, आणि अख्खं चांगलं उत्तर फेकून देतं. असा आगंतुक बाइट दिसला की ॲडॉप्टर बदलू नका, बायस सुधारा.

आणखी एक खोड स्वस्त 'ऑटो डायरेक्शन' ॲडॉप्टरची. पाठवायचं आणि ऐकायचं यांत अदलाबदल करायला त्यात धड सोय नसते. एक ट्रान्झिस्टर टाकून असं जमवलेलं असतं की 'शून्य' तेवढा जोर लावून पाठवला जातो आणि 'एक'च्या वेळी ड्रायव्हर सरळ लाइन सोडून देतो, बायसच्या भरवशावर. छोट्या लाइनवर हे खपून जातं. तार लांबली, सेन्सर वाढले की 'एक' चढायला वेळ घेतो आणि चुका सुरू होतात. बॉड रेट ९६०० वरून २४०० वर आणल्यावर रीडिंग सुधारलं तर हाच प्रकार समजा. एफटीडीआयच्या एफटी२३२आर चिपमध्ये दिशा बदलण्यासाठी वेगळा सिग्नल मिळतो आणि तो वापरणारा ॲडॉप्टर 'एक'सुद्धा जोरात पाठवतो. थोडे पैसे जास्त पडले तरी कामाच्या जागी मी तोच लावतो. फक्त त्याच्या पोर्ट सेटिंगमधला 'लेटन्सी टायमर' (आलेला डेटा कॉम्प्युटरला देण्याआधी थांबण्याचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंद असतो. सॉफ्टवेअरचा टाइमआउट कंजूष असेल तर तो १ वर आणा.

तिसरी तार

आरएस४८५ ला दोन तारा पुरतात, असं इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलंय की ॲडॉप्टरवरचं ग्राउंडचं टर्मिनल बहुतेक ठिकाणी रिकामंच दिसतं. सिग्नल दोन तारांतच असतो हे बरोबर. पण त्या दोन्ही तारा ॲडॉप्टरच्या स्वतःच्या ग्राउंडच्या हिशोबाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहायला लागतात. सेन्सर पॅनेलमधल्या २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (डीसी पुरवठ्यावर), कॉम्प्युटर ऑफिसच्या प्लगवर, आणि दोघांच्या ग्राउंडची गाठभेट नाही; मग ही मर्यादा पाळणार कोण? नशिबाने पाळली जाते, म्हणून काही दिवस चालतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून लाइन चालवा, मग चार्जर लावा. बॅटरीवर ठणठणीत आणि चार्जरवर चुका, तर ग्राउंडचा घोळ. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तीच गळती ॲडॉप्टरमधून ए-बी वर बसलेली असते. अशा अवस्थेत ए-बी च्या तारा आधी खोचल्या तर तो साठा थेट लाइनवर पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या ट्रान्सीव्हर चिपमधून वाट काढतो. म्हणून जोडताना ग्राउंड आधी, ए-बी नंतर. काढताना उलट क्रम.

जोडण्याआधी ॲडॉप्टरचं ग्राउंड आणि सेन्सरच्या पुरवठ्याचा उणे यांमध्ये व्होल्टेज मोजा, डीसी आणि एसी दोन्ही. थोडंफार असेल तर तिसरी तार जोडा, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकून, म्हणजे दोन अर्थिंगमधला प्रवाह त्या बारीक तारेतून मोकाट वाहणार नाही. आकडा मोठा येत असेल, दोन इमारती असतील किंवा व्हीएफडीची संगत असेल, तर आयसोलेटेड ॲडॉप्टर घ्या. त्यात यूएसबीची आणि लाइनची बाजू विजेच्या दृष्टीने वेगळी असते. एक मात्र ध्यानात ठेवा: आयसोलेटेड ॲडॉप्टरलाही लाइनच्या बाजूचं ग्राउंड सेन्सरच्या ग्राउंडला जोडावंच लागतं. ते लोंबकळत ठेवलं तर महागडा ॲडॉप्टरही स्वस्तासारखाच वागतो.

तार ओढणाऱ्या इलेक्ट्रिशियनला एकदा समोर बसवून सांगा की ए आणि बी एकाच पिळाच्या जोडीत हवेत. कॅट५ केबलमध्ये नारिंगी तार ए ला आणि हिरवी बी ला जोडलेली अनेक ठिकाणी सापडते. मग पीळ असून नसल्यासारखा. ए-बी ला एक जोडी, ग्राउंडला दुसरी. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची. मोटरच्या केबलशी एकाच ट्रेमध्ये ही तार झोपवायची नाही, ओलांडावीच लागली तर काटकोनात. आणि एका जंक्शन बॉक्समधून चारही दिशांना फाटे फोडायचे नाहीत, लाइन सेन्सरवरून सेन्सरवर जाऊ द्यायची.

ॲडॉप्टर खरंच मेलाय का

हे तपासायला दुसरा ॲडॉप्टर लागतो, कारण एकटा दोन तारांवर स्वतःशी बोलून बहुतेक वेळा काही सिद्ध होत नाही. दोघांचे ए-ए, बी-बी आणि ग्राउंड फूटभर तारेने जोडा, दोन टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, बॉड रेट सारखा ठेवा आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे अक्षरं टाइप करा. एकाच दिशेने जात असतील तर ट्रान्सीव्हर अर्धा गेला आहे. अर्धा गेलेला ॲडॉप्टर सगळ्यात जास्त फसवतो, कारण पोर्ट दिसतो, पाठवण्याचा एलईडी लुकलुकतो, आणि माणूस सेन्सरला शिव्या देत बसतो.

दुसरा हाताशी नसेल तर संशयित ॲडॉप्टर यूएसबी आणि लाइन दोन्हींतून काढा आणि ए ते ग्राउंड, बी ते ग्राउंड रेझिस्टन्स मोजा. दोन्ही आकडे किलोओहममध्ये आणि एकमेकांच्या जवळपास हवेत. एक आकडा किलोओहममध्ये आणि दुसरा पाच-दहा ओहम, तर चिप आतून जळली. टर्मिनेशनचा रेझिस्टर बसवलेला असेल तर दोन्ही आकडे एकमेकांना ओढतात, तेव्हा तो आधी उचला. बहुतेक ॲडॉप्टरमध्ये यूएसबीची चिप वेगळी आणि आठ पायांची मॅक्स४८५ किंवा तिची भावंडं वेगळी असतात. मरते ती दुसरी, आणि बारीक सोल्डरिंगचा हात असेल तर तेवढीच बदलता येते. बदलताना ए, बी आणि ग्राउंड यांवर एसएम७१२ हा सर्ज डायोडही बसवा. तो उणे ७ आणि अधिक १२ च्या याच मर्यादेसाठी बनवलेला आहे.

ॲडॉप्टर निर्दोष निघाला आणि लाइन तरीही मुकी असेल, तर एखाद्या सेन्सरचा ट्रान्सीव्हर जळून ए-बी ला खाली ओढत असू शकतो. लाइन मध्यावर तोडा आणि ॲडॉप्टरकडची अर्धी बाजू चालते का बघा. चालली तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाहीतर अलीकडच्या. अर्ध्याचं पुन्हा अर्धं करत गेलं की वीस सेन्सरमधला गुन्हेगार चार-पाच वेळा तार सोडून सापडतो. नव्या लाइनवर पहिल्यापासूनच चिडीचूप असेल तर ए-बी उलटे लावून बघा. ही नावं सगळे बनवणारे सारख्या अर्थाने छापत नाहीत, आणि उलटं लावल्याने काही जळत नाही.

सॉफ्टवेअर तुमच्या हातातलं असेल तर त्यात दोन सोयी करून घ्या. पोर्ट गायब झाला की थोडं थांबून तो स्वतःहून पुन्हा उघडणं, म्हणजे इन्व्हर्टरच्या झटक्यासाठी कोणी रात्री शेडपर्यंत जायला नको. आणि प्रत्येक सेन्सरचे टाइमआउट व सीआरसी एरर वेगवेगळे, वेळेसकट मोजणं. सगळ्यांचे आकडे एकदम चढले तर ॲडॉप्टर, बायस किंवा ग्राउंड बघायचं; फक्त शेवटच्या दोघातिघांचे चढले तर शिडी घेऊन तारेच्या त्या टोकाकडे जायचं.